उताराची बारव

खडकीच्या बारवेची बातमी अकोल्याच्या एका साप्ताहिकात दोनदा आली. पहिल्यांदा १९५५ च्या मे महिन्यात आणि दुसऱ्यांदा गेल्या वर्षी. दोन्ही वेळा बारव समितीचे चिटणीस म्हणून माझं नाव छापलं होतं. लखीरामचं नाव कुठेच नव्हतं. वाशीमच्या ज्या जिनिंग फॅक्टरीत मी हेडक्लार्क आहे, तिथल्या मंडळींनी दुसरं कात्रण सूचनाफलकावर लावलं आणि महिनाभर काढलं नाही. मी रोज त्याच्या समोरून जात होतो.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन. त्याआधी लखीरामबद्दल नीट लिहावं असं ठरवलं आहे. माझं त्याच्यावर प्रेम आहे म्हणून नाही. मला त्याचा हेवा वाटतो, आज वाटतो आणि गेली वीस वर्षं वाटत आला आहे. ज्याच्यावर आपला डोळा असतो त्याची माहिती आपोआप गोळा होते, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे मी ती तारीखवार लावून ठेवली आहे.

खडकी हे आमचं गाव रिठदपासून दोन कोसांवर आहे. ज्वारी, कापूस, तूर यांवर चालणारी घरं. गावाच्या पूर्वेला बारव आणि बारवेपलीकडे हाकेच्या अंतरावर बंजाऱ्यांचा तांडा. लखीराम त्या तांड्यातला. बुटका, छाती रुंद, केस कायम ओलसर. विहिरीत पडलेली भांडी काढून देणं हे त्याचं काम. दोर तुटला, कडी निसटली की गावात एकच वाक्य निघायचं, लखीरामले सांगा. भांडं निघालं तर सुगीत त्या घरून त्याला पायलीभर ज्वारी मिळे. निघालं नाही तर तो काही घेत नसे, पण असं क्वचितच होई.

त्याची एक पद्धत होती. उडी मारण्याआधी तो काठावर बसून ज्या बाईचं भांडं पडलं तिला विचारायचा, पडताना आवाज कसा झाला. बाई तोंडाने तो आवाज काढून दाखवायची. भांडं उपडं पडलं तर आवाज एक होतो, आडवं पडलं तर दुसरा, आणि त्यावरून ते सरळ बुडालं की पाण्यात तिरकं सरकत गेलं हे त्याला कळत असे. पाण्यात राहून राहून त्याचा उजवा कान गेला होता. त्यामुळे तो डावा कान बोलणाऱ्याच्या अगदी जवळ नेऊन ऐकायचा. बायकांना वाटे, आपलं एवढं मन लावून कोणी ऐकत नाही. म्हाताऱ्यांनाही तसंच वाटे. वस्तुतः एक कान बहिरा होता, एवढंच. मी हे दोन-तीन जणांना सांगून पाहिलं. कोणावर काही परिणाम झाला नाही.

मी आठवडाभर वाशीमला खोली घेऊन राहतो आणि शनिवारी मोटारीने फाट्यावर उतरून चालत गावी जातो. घरी बायको प्रयागबाई आणि वडील, जगदेव. एका रविवारी प्रयागबाईची माहेरची, पाणी भरायची तांब्याची गुंडी विहिरीत पडली. मी घरीच होतो, तेव्हा मीच काढायची ठरवली. खडूने विहिरीच्या काठाचे आठ भाग केले आणि एकेका भागात गळ सोडून तळ चाचपायला लागलो. दोन तासांत एक बादलीची कडी आणि एक जुनं पायताण वर आलं. शेजारची रंगूबाई कमरेवर घागर घेऊन हे सगळं बघत होती. रंगूबाई तोंडाची तिखट, नात्याने कोणाची कोणी नाही पण सगळ्या गावाची वहिनी.

"भाऊ, भंगाराचं दुकान टाकून राह्यले का?" तिने विचारलं.

कोणीतरी लखीरामला बोलावलं होतं. तो आला, काठावर बसला आणि त्याने प्रयागबाईला आवाज विचारला. पंचवीस वर्षांच्या संसारात माझ्यासमोर मोठ्याने न हसलेली बाई गाल फुगवून "डुब्बुक" म्हणाली आणि स्वतःच्याच आवाजाला इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लखीरामने मान हलवली, माझ्या खडूच्या पाचव्या भागातून उडी मारली आणि मी विडी पेटवून दोन झुरके घेतो तोच गुंडी घेऊन वर आला. जाताना म्हणाला, भाऊने जागा बरोबर धरली होती, गळ हलका होता. ते खोटं होतं. मी पाचव्या भागापर्यंत पोचलोच नव्हतो. माझी लाज राखायला तो खोटं बोलला, आणि त्या दिवसापासून मला तो जास्तच खुपू लागला.

पण हे सगळं मी सहन केलं असतं. माझं खरं दुखणं बाबा होते.

बाबा तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे. शनिवारी मी घरात शिरलो की ते म्हणत, "आला?" आणि रविवारी संध्याकाळी निघालो की, "निंगाला?" आठवड्याचे हे दोन शब्द. अकोल्याला मॅट्रिक होऊन मी मुंबईला कॉमर्सच्या शिक्षणासाठी गेलो, तिथून परत आलो तो नोकरीतच. शेती धाकट्या भावाने पाहिली. आम्हा बापलेकांना एकमेकांशी काय बोलायचं ते कधी उमगलंच नाही. मी असं धरून चाललो होतो की बाबा बोलतच नाहीत. मग एका शनिवारी लवकर सुटका झाली म्हणून दिवसाउजेडी गावाजवळ पोचलो, आणि बारवेच्या काठावर दोघं बसलेले दिसले. बाबा हात हलवून हलवून काहीतरी सांगत होते, लखीरामचा कान त्यांच्या तोंडाशी. मी बोरीच्या झुडपाआड उभा राहिलो. बाबांना एवढं सलग बोलताना मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी पुढे आलो तेव्हा ते थांबले आणि म्हणाले, "आला?"

१९५५ च्या जानेवारीत विकास खंडाचे एक अधिकारी गावात आले. त्यांनी चावडीवर भाषण केलं की प्रत्येक गावाने आपली एखादी जुनी वास्तू श्रमदानातून सुधारावी, गावाला बसाउठायला जागा करावी, सरकार सिमेंट आणि गवंडी देईल. आमच्याकडे वास्तू म्हणावी अशी बारवच. तिच्यात बाभळी उगवल्या होत्या, गाळ भरला होता, आणि गावाचा अर्धा उकिरडा तिच्या काठावर पडत होता. समिती झाली. लिहितं-वाचतं माणूस म्हणून मला चिटणीस केलं.

मी ते काम मनापासून केलं, हे कोणीही सांगेल. टेप लावून मोजमापं घेतली. बारव चौकोनी, तीन बाजूंना उभ्या भिंती, आणि पश्चिमेच्या बाजूने पाण्यापर्यंत लांबच लांब उतार. उताराच्या फरशा वरच्या अंगाला उखडलेल्या, खालचा भाग गाळाखाली. मी अनुमान काढलं की इथे पूर्वी पायऱ्या होत्या आणि त्या काळाच्या ओघात नाहीशा झाल्या. नकाशात मी बत्तीस पायऱ्या काढल्या, दोन्ही बाजूंना कठडे दाखवले. नकाशा वाशीमला पाठवला, तो मंजूर होऊन आला. माझ्या हातचा एखादा कागद इतका सुबक पूर्वी उतरला नव्हता.

श्रमदानासाठी मी गल्लीवार नावांची यादी करून चावडीवर लावली. पहिल्या रविवारी अकरा माणसं आली. दुसऱ्या रविवारी चार. तिसऱ्या रविवारी मी एकटाच पोचलो होतो, एवढ्यात लखीराम आला. त्याच्यामागे तांड्यातल्या पंधरा-वीस बायका डोक्यावर टोपल्या घेऊन, पुढे त्याची बायको रामीबाई. त्या गाळाच्या टोपल्या रांगेने वर देताना गाणं म्हणत होत्या. एकीने ओळ ओढायची, बाकीच्यांनी झेलायची. ते ऐकून गावातल्या बायका काठावर जमल्या. रामीबाईने रंगूबाईकडे बघून गाण्यात काहीतरी घातलं आणि सगळ्या हसल्या. रंगूबाईला भाषा कळली नाही, पण टोमणा कळला. तिने घागर खाली ठेवली, पदर खोचला, आणि रांगेत शिरून वऱ्हाडीतून उत्तर दिलं. पुढच्या रविवारी गावच्या बायकांची एक रांग आणि तांड्याची एक. बायका आल्या म्हणून पुरुष आले. होळीपर्यंत सत्तर-ऐंशी माणसं येऊ लागली. उकिरडा हलला, बाभळी तुटल्या.

"बबनभाऊच्या कागदानं चार मानसं आनली," रंगूबाई माझ्या देखत म्हणाली, "अन् लखीरामनं गाव आनलं."

सगळे हसले, मीही हसलो. तोवर मी हजेरीच्या वहीत 'उपस्थिती समाधानकारक' एवढंच लिहून मोकळा झालो होतो. लखीरामचं नाव त्या दिवसाच्या यादीत तेविसावं होतं, कारण त्या दिवशी तो तेविसावा आला.

मार्चमध्ये पायऱ्यांचे घडीव दगड बैलगाड्यांनी येऊन बारवेच्या तोंडाशी पडले. ते पाहून लोकांच्या लक्षात आलं की नक्की काय होणार आहे. त्याच शनिवारी लखीराम आमच्या घरी आला. अंगणात उभा राहिला. बाबांनी त्याला ओसरीवर बसायला सांगितलं, तसा तो बसला.

"भाऊ," तो म्हणाला, "उतार राहू द्या."

मी कारण विचारलं. त्याने सांगितलं की तांड्याजवळचा नाला फाल्गुनात आटतो. चैत्र-वैशाखात तांड्याच्या दीडशे ढोरांना बारवेशिवाय पाणी नाही. ती उताराने खाली जातात आणि पिऊन वर येतात. पायऱ्यांवरून गाय उतरत नाही, उतरली तर पाय मोडून घेते. मी म्हटलं, वर एक हौद बांधू, मोटेने पाणी काढून त्यात सोडा.

"काढन कोन, भाऊ? अर्धा तांडा उनाळ्यात कामाले बाहीर गेला राह्यते. मांगं बुढे अन् बाया. दीडशे ढोराचं पानी त्यायच्यानं निंगन का?"

त्याचं म्हणणं बिनतोड होतं, आणि ते मला तिथेच पटलं होतं. पण दोन महिने गावात जे चाललं होतं ते माझ्या डोळ्यांपुढे होतं. माणसं त्याची, हशा त्याचा, माझी बायको त्याच्यापुढे हसते, माझा बाप त्याच्याशी बोलतो. आता नकाशाही त्याच्या शब्दावर बदलायचा, एवढं मात्र मला होईना. मी म्हटलं, योजना मंजूर झाली आहे, मंजूर योजनेत आपल्याला बदल करता येत नाही. हे खरं नव्हतं. एका पत्राने बदल करता आला असता.

लखीरामने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तुमी म्हनता तं असंन," असं म्हणून उठला. बाबा ओसरीवरच होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते तंबाखूची चंची तिथेच विसरून आत गेले. बाबा चंची कधी विसरत नसत.

मला वाटलं होतं आता लखीराम श्रमदानाला येणार नाही. पण रविवारी तो नेहमीप्रमाणे आला, सगळ्यात खाली उतरून गाळ भरू लागला. एप्रिलच्या मध्यावर दोन मोटा लावून पाणी उपसलं आणि उताराचं खालचं टोक मोकळं झालं. त्या रविवारी, सतरा तारखेला, दुपारी त्याने खालून हाक मारली.

"भाऊ, जरा खाली या."

मी उतरलो. त्याने ओंजळीने पाणी टाकून एक फरशी धुतली. फरशीवर वीत-वीत अंतरावर आडव्या खाचा होत्या, नीट टाकीने पाडलेल्या, मधोमध झिजून गुळगुळीत झालेल्या. पुढच्या फरशीवर तशाच. त्याच्याही पुढच्या. मग त्याने मला भिंत दाखवली. कमरेएवढ्या उंचीवर, उताराच्या बरोबरीने, दगडाचा एक पट्टा आरशासारखा घासलेला होता. खालचा-वरचा दगड खडबडीत, फक्त तो पट्टा चकचकीत.

"खुराले धर पाह्यजे म्हनून खाचा," तो हळू बोलला. "अन् हे गोन्यायनं घासलं. लदलेल्या बैलाच्या गोन्या इथंच लागतात."

मी हात लावून पाहिला. पट्टा थंड आणि तुळतुळीत होता. पायऱ्या इथे कधीच नव्हत्या. मुळात बैलांसाठी बांधलेली बारव मी पडक्या पायऱ्यांची समजलो होतो. खेड्यात जन्मलेल्या माणसाने अशी चूक करायला नको होती. पाण्यावर जायचं म्हणजे पायऱ्या, हे मी मुंबईतल्या तलावांच्या घाटांवर शिकून आलो होतो.

मी म्हटलं, "टाकीचे घाव असतील." आणि वर येऊन गवंड्याला सांगितलं की उद्या सकाळी खालून पहिली पायरी लाव.

त्या दिवसाच्या नोंदी माझ्या वहीत आहेत. उपस्थिती ब्याऐंशी. गाळात सापडलेल्या वस्तू: एक पितळी तांब्या, दोन काकणं, एक घुंगरू, नांगराचा फाळ. खाचांची नोंद नाही. भिंतीवरच्या पट्ट्याची नाही. डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट मी जाणूनबुजून लिहिली नाही असं माझ्या आयुष्यात तेव्हाच घडलं.

सोमवारी मी फॅक्टरीतून रजा घेतली होती. सकाळी आठला गवंडी खाली उतरला, दोन माणसांनी पहिला दगड दोरांवर घेतला. काठावर वीस-पंचवीस जण होते, तांड्यातली पाच-सात. लखीराम एका बाजूला उकिडवा बसला होता. तेवढ्यात बाबा काठी टेकत येताना दिसले. महिनाभर ते घराबाहेर पडले नव्हते. लखीराम उठून पुढे झाला आणि त्याने त्यांना हात दिला. बाबा सावकाश उताराच्या तोंडाशी आले आणि पायऱ्यांसाठी आणलेल्या दगडांवर बसले. गवंड्याला म्हणाले, थांब जरा.

मग ते बोलू लागले. कोणाकडे बघून नाही, उताराकडे बघून.

"मी सात-आठ वर्साचा असंन. आमी पोट्टे ह्या काठावर बसत होतो. लमान येयेत मिठाच्या गोन्या घेऊन, दोनशे-दोनशे बैल. सगळ्यात पुढचा बैल पांढरा, त्याच्या शिंगाले मोराची पिसं. तो उतरला का मंग मांगचे उतरत. ह्या अंगानं खाली, पानी पेलं का वळून त्या अंगानं वर. एक बैल दुसऱ्याले धक्का नोयता देत. दिवस मावळेपर्यंत रांग तुटे नाई. पायऱ्या इथं कधीच नोयत्या."

रंगूबाईने विचारलं, "मंग काकाजी, इतके दिवस काहून नाई सांगतलं?"

"कोनी इचारलं नाई," बाबा म्हणाले. आणि त्यांनी लखीरामकडे बोट केलं. "काल ह्यानं इचारलं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. माझी बाजू मांडायला काहीतरी मिळालं असतं. मी हातात नकाशाची गुंडाळी धरून उभा होतो. पन्नाशी ओलांडलेला माणूस, सगळ्या गावासमोर. खाली गवंड्याने थापी बाजूला ठेवली आणि फरशीवर हात फिरवला. "खाचा हायत बाप्पा," तो वर ओरडून म्हणाला. माणसं एकामागून एक खाली उतरून बघू लागली. कोणीतरी म्हणालं, बबनभाऊला काल दिसल्या नाहीत का? त्यावर लखीरामने तोंड उघडलं.

"भाऊनं नकाशा केला म्हनून गाळ निंगाला," तो म्हणाला. "गाळ नसता निंगाला तं कोनाले काय दिसलं असतं?"

काल आपण मला खाचा दाखवल्या, हे तो बोलला नाही. त्या क्षणीही नाही आणि पुढेही कधी नाही. लोक माना डोलावून हसले, सगळ्यांना मोकळं वाटलं, आणि मी त्या माणसाचा जेवढा हेवा त्या वेळी केला तेवढा आधी कधी केला नव्हता. मी त्याला एकदा तरी क्षुद्र बघायला तरसत होतो.

काहीतरी म्हणणं भागच होतं. मी म्हटलं की उतार तसाच ठेवू, उखडलेल्या फरशा खालच्यासारख्या खाचा पाडून बसवू, आणि आलेल्या दगडांचा वर काठावरच्या वडाच्या बाजूला एक लांब ओटा बांधू, म्हणजे गावाला बसायला जागा होईल. ही कल्पना त्याच क्षणी सुचली आणि ती पूर्णपणे माझी होती. बाबा ज्या दगडांवर बसले होते ते पाहून सुचली. सगळ्यांना ती आवडली. त्याच दुपारी मी विकास खंडाला पत्र लिहिलं, सहा दिवसांत होकार आला. पत्रात मी खाचांचं वर्णन केलं आणि त्या १७ तारखेला आढळल्याचं नमूद केलं. मग वही काढून १७ तारखेच्या पानावर उरलेल्या जागेत बारीक अक्षरात ती नोंद घातली. शाई वेगळी आहे हे आजही दिसतं.

मे महिन्यात ते अधिकारी उद्घाटनाला आले. माझं पत्र त्यांनी वाचून दाखवलं, जुन्या वास्तूकडे पाहायची दृष्टी चिटणिसांनी दाखवली असं म्हणाले आणि हार माझ्या गळ्यात घातला. त्याच वेळी तांड्याची ढोरं पाण्यावर आली होती. त्यांच्या गळ्यातल्या घंटांमुळे अर्धं भाषण ऐकू गेलं नाही. लखीराम खाली पाण्याशी उभा राहून पिऊन झालेल्या गाईंना दुसऱ्या अंगाने वळवत होता. मी त्याचं नाव घ्यायला हवं होतं. वार्ताहर वही घेऊन माझ्या शेजारीच होता. मी त्याला माझ्या नावाची अक्षरं सांगितली.

नंतर रंगूबाईने लखीरामला डिवचलं की हार दुसऱ्याच्याच गळ्यात गेला. तो म्हणाला, बरंच झालं, हार घालून ढोरांत गेलो असतो तर गाईंनी खाल्ला असता. तिला वाटलं तो मन मारतोय. मी त्याला इतकी वर्षं न्याहाळतो आहे, म्हणून सांगतो, तो मन मारत नव्हता. त्याला खरंच काही वाटलं नव्हतं. माझ्याकडे हार होता, बातमी होती, आणि तरी त्याच्याकडे माझ्यापेक्षा काहीतरी जास्त होतं. ते काय हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

ओटा चांगला झाला. साठ माणसं बसतील एवढा लांब. भाद्रपदात पोरी तिथे भुलाबाई मांडतात आणि महिनाभर गाणी म्हणतात. होळीला तांड्यातले लोक तिथे लेंगी गातात आणि गाव ऐकायला जातो. पूर्वी कोणी तांड्याच्या दिशेला फिरकत नसे. ग्रामसेवक सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवतो. मेडशीकडची माणसं आपल्या गावच्या बारवेचा गाळ काढायच्या आधी आमची बघून गेली, त्यांना मी सुधारलेल्या नकाशाची नक्कल करून दिली; गेल्या वर्षीची बातमी त्याचीच. दरवर्षी अक्षय तृतीयेआधी दोन दिवस गाव आणि तांडा मिळून गाळ काढतात, त्याला आता यादी लागत नाही.

त्या ओट्याला सगळे लखीरामचा ओटा म्हणतात. प्रयागबाईसुद्धा म्हणते. ओटा माझ्या डोक्यातून निघाला हे मी तिला एकदा सांगितलं. ती म्हणाली, "मले ठाऊक हाय. तुमच्या नावानं म्हनाले जीभ वळत नाई, त्याले मी काय करू?" आणि भाकरी थापत राहिली.

बाबा आता सत्याऐंशीचे आहेत. ऊन उतरलं की लखीराम घरी येऊन त्यांना हाताला धरून ओट्यावर घेऊन जातो. मी शनिवारी फाट्यावरून येताना वाट थोडी वाकडी करून तिकडूनच येतो. लखीराम सरकून जागा करतो आणि मी बसतो. आम्ही तिघं तसे खूपदा बसलो आहोत.

गेल्या महिन्यातल्या शनिवारी मी मोटारीत एक प्रश्न ठरवून आलो होतो. वाशीमपासून फाट्यापर्यंत तो मनात दोन-तीनदा म्हणून पाहिला. ओट्यावर बसल्यावर थोडा वेळ जाऊ दिला. खाली उतारावर ढोरं रांगेने चढत होती.

"बाबा," मी विचारलं, "तो पांढरा बैल कोनाचा होता? तुमाले त्याचं नाव आठवते का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. इतकं टक लावून त्यांनी मला बऱ्याच वर्षांत पाहिलं नसावं. मला वाटलं ते विचारतील, तुले काहून पाह्यजे. पण त्यांनी काठी गुडघ्यांत धरली, घसा साफ केला आणि सांगायला लागले. बैलाचं नाव, त्याच्या नाईकाचं नाव, तो बैल ज्या वर्षी आला नाही त्या वर्षी पोरं काठावर कशी वाट बघत बसली ते. त्यांना सगळं आठवत होतं. मी विचारलं म्हणून सांगत होते, यात शंका नाही. पण मान वळवून सांगत होते ते लखीरामकडे बघून, आणि लखीरामने हे नक्कीच पाच-सहा वेळा ऐकलं असेल, तरी तो मध्येच विचारत होता, मग काकाजी, मग काय झालं. मी थोडा पुढे सरकून बसलो, म्हणजे मलाही नीट ऐकू येईल.